धायगुडे परिणाम

सावरखोलच्या भूचुंबकीय वेधशाळेतून एकदा एका मंत्र्यांना पँटच्या चेनीपायी दारातूनच परत पाठवण्यात आलं होतं. मंत्री स्वभावानं बरे होते. विश्रामगृहावर गेले, नाडीचा लेंगा घालून आले. तोवर निरीक्षणाची वेळ टळली होती, म्हणून डॉ. यशवंत पेंडुरकरांनी त्यांना झोपडी बाहेरूनच दाखवली आणि चहा पाजून रवाना केलं.

वेधशाळेत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात ऐकवली जाई, कारण निम्मं शास्त्र तिच्यातच आलं. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या घरात असतं आणि या लोकांना त्यातला एकेक नॅनोटेस्ला हवा असतो. म्हणून वेधशाळा लोहयुक्त काळ्या खडकापासून दूर, किनाऱ्याच्या जाड वाळूवर बांधलेली. आत यंत्रं रात्रंदिवस मोजत असतात, पण यंत्रं हळूहळू सरकतात. त्यांना जागेवर आणण्यासाठी आठवड्यातून दोनदा एका माणसानं लाकडी झोपडीत जाऊन खास दुर्बिणीनं क्षेत्राचा कोन मोजायचा आणि सगळ्या यंत्रांचे आकडे त्या कोनाला बांधायचे. झोपडीला खिळे तांब्याचे, छपराला ॲल्युमिनियमचा पत्रा. आत जाणाऱ्यानं किल्ल्या, पट्टा, घड्याळ, पेन, चष्मा, सगळं बाहेरच्या तबकात काढून ठेवायचं. थोडक्यात, वेधशाळेतला सर्वांत विश्वासाचा माणूस तो, ज्याच्या अंगावर काही नाही.

तो माणूस म्हणजे पेंडुरकर सर. दोन माणसांच्या दोन सवयी असतात आणि आकड्यात दोन्ही उतरतात, म्हणून निरीक्षण एकाच हातचं हवं, असा त्यांचा दंडक होता.

शाल्मली धायगुडे २०२६ साली, तेविसाव्या वर्षी, फलटणहून इथं संशोधनाला आली. पहिल्या दिवशी सरांनी तिला केसातल्या पिनांसाठी परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी चपलेच्या बक्कलसाठी. तिसऱ्या दिवशी ती सुती दोऱ्यानं केस बांधून, अनवाणी आली. सरांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, आता तू भौतिकशास्त्राला लायक दिसतेस. त्यानंतर वीस वर्षं तिनं धातूची पिन वापरली नाही.

तिचं काम झोपडीबाहेर होतं. सर आत दुर्बिणीला डोळा लावून उभे असत. शाल्मली पलीकडच्या खोपटात घड्याळ घेऊन बसे आणि दर मिनिटाला "मिनिट" असं ओरडे. त्या क्षणी सर कोन वाचून आकडा सांगत, ती वहीत लिही. पावसाळ्यात पत्र्यावर असा कल्लोळ चाले की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नसे. म्हणून जून ते सप्टेंबर ती ओरडण्याऐवजी झोपडीच्या फळीवर लाकडी हातोडा मारी. तो ठोका सरांना तळपायांतून कळे.

पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत सर कामासाठी दिल्लीला गेले आणि तीन निरीक्षणं तिनं घेतली. ती सरांच्या आकड्यांहून चार नॅनोटेस्लांनी जास्त आली. सरांनी परत येऊन वही पाहिली, तिन्ही ओळींवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि मायेनं सांगितलं, तुझा हात अजून बसलेला नाही. सगळ्यांचाच बसतो असं नाही. तू डोक्यानं हुशार आहेस, सिद्धांताकडं वळ.

ती वळली.

सरांची गेल्या काही वर्षांची निरीक्षणं मांडून बसल्यावर तिच्या लक्षात आलं की क्षेत्र ऑक्टोबर ते मे चार नॅनोटेस्लांनी खाली असतं आणि पावसाळ्याचे चार महिने तेवढंच वर येतं. दरवर्षी. आता, पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर भारित कणांचं एक वलय फिरत असतं. सूर्याकडून आलेले कण पृथ्वीच्या चुंबकीय जाळ्यात अडकतात आणि विषुववृत्तावरून गोल फिरत राहतात. हा प्रचंड विद्युतप्रवाहच. वलय बळावलं की जमिनीवरचं क्षेत्र घटतं, वलय क्षीण झालं की वाढतं. सौर वादळात ते एकदम फुगतं, क्षेत्र शेकड्यांनी कोसळतं, लांबलचक वीजवाहिन्यांत नको तो प्रवाह शिरतो आणि ट्रान्सफॉर्मर भाजून निघतात. शाल्मलीनं निष्कर्ष काढला की आपल्या अक्षांशावर हे वलय पावसाळ्यात क्षीण होतं, आणि ते का होतं याचं तिनं चाळीस पानी, अत्यंत देखणं गणित मांडलं. फक्त २०२७ साली क्षेत्र पावसाळ्यातही खालीच राहिलं होतं. सर म्हणाले, ते वर्ष सोड. तिनं सोडलं.

प्रबंध गाजला. पावसाळी क्षीणतेला जगानं "धायगुडे परिणाम" म्हणायला सुरुवात केली. मग हंगेरीतल्या एका गटाला आपल्या आकड्यांतही तो सापडला, ब्राझीलच्या दोघांना उलट्या ऋतूत सापडला. शोधणारे तज्ज्ञ होते, तेव्हा सापडणं भागच होतं. पुढं सावरखोलला निरीक्षणासाठी स्वयंचलित दुर्बीण आली. तिला मात्र तो काही केल्या सापडेना. दोन महिने तपासणी झाली, दुर्बीण सदोष ठरली आणि तो सापडेपर्यंत तिची जुळणी करण्यात आली. पेंडुरकर सर निवृत्त झाले. वलय पावसाळ्यात क्षीण असतं हे सर्वमान्य झाल्यामुळं वीजजाळ्याच्या इशारा केंद्रानं जून ते सप्टेंबर धोक्याची पातळी एक पंचमांशानं वर नेऊन ठेवली, म्हणजे उगाच इशारे देऊन लोकांना त्रास नको. एवढ्या वर्षांत पावसाळ्यात मोठं वादळ आलं नाही. याचाही पुरावा म्हणून उपयोग झाला.

निवृत्त माणसं जाताना ज्ञान डोक्यातून घेऊन जातात, ही शासनाची जुनी तक्रार. त्यावर २०३४ च्या सुमारास ज्ञानसंक्रमण यंत्रणा आली. वेधशाळेत तिला नुसतं पेटी म्हणत. ज्येष्ठ शास्त्रज्ञानं नऊ महिने पेटीसमोर बसायचं. पेटी त्याच्यापुढं त्याचेच जुने आलेख मांडी आणि विचारी, हा टोकदार उंचवटा का खोडलात, हा का ठेवलात. तो काय सांगतो, कुठं अडखळतो, नजर आधी आलेखावर कुठं जाते, सगळं टिपलं जाई. आकडे वह्यांत असतातच. पेटी शिकायची ती पारख. नंतर कुणीही विचारावं, पेटी त्याच माणसाच्या आवाजात, त्याच्याच रीतीनं उत्तर देई. तिला दोन नियम होते. खोटं बोलायचं नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. दुसरा नियम शास्त्रज्ञांच्याच मागणीवरून घातला होता. पेंडुरकर सरांनी नऊ महिने पूर्ण केले, शाल घेतली आणि गावी गेले.

आता २०४७ साल. सूर्य ऐन भरात. शाल्मली चव्वेचाळीस वर्षांची, वेधशाळेची प्रमुख. इशारा केंद्राला यंदाच्या पावसाळ्यासाठी धोक्याच्या पातळ्यांचा तक्ता पंधरा मेपर्यंत हवा होता. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत त्यात बदल होत नाही. यंदा सूर्याचा रंग पाहून तिनं ठरवलं की तक्ता नीट घोटून काढायचा, गाळलेलं २०२७ सालसुद्धा हिशेबात घ्यायचं. ते नेमकं का गाळलं होतं, हे तिच्याच प्रबंधात कुठं सापडेना. सहा मेच्या सकाळी ती पेटीसमोर बसली.

"सर, सत्तावीस साल आपण का सोडलं?"

पेटी जरा थांबली. सरही असेच थांबत.

"त्या पावसाळ्यात मी कानातलं यंत्र काढलं नव्हतं गो. नवीन घेतलं होतं, दमट हवेला टिकेल म्हणाले होते. टिकलं नाही."

शाल्मलीनं विचारलं, कुठलं यंत्र. पेटीनं शांतपणे सगळं सांगितलं. २०२२ पासून सरांना ऐकू कमी येत होतं. बाहेरून दिलेला मिनिटाचा पुकारा कळेना, तेव्हा त्यांनी पुण्याहून कानाच्या आत बसणारं बारीक यंत्र आणलं आणि कुणाला सांगितलं नाही. यंत्रात मुगाएवढं चुंबक होतं. दुर्बिणीला डोळा लावला की कान मापकापासून वीतभर अंतरावर येई. कान डोक्याबरोबर फिरत असल्यानं दुर्बीण चार बाजूंना फिरवून सरासरी काढूनही चूक पुसली जात नसे. ती चूक चार नॅनोटेस्लांची होती. पावसाळ्यात दमट हवेनं यंत्र बिघडे, म्हणून सर ते जून ते सप्टेंबर तांदळाच्या डब्यात ठेवत. पावसात हातोड्याचा ठोका असल्यानं त्याची गरजही नसे.

म्हणजे पावसाळ्यात वर येणारं क्षेत्र, तेवढंच खरं होतं. अंतराळात हजारो किलोमीटर उंचीवर दरवर्षी क्षीण होणारं ते वलय तांदळाच्या डब्यात मुक्कामाला असे.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू पहिला आलेख दाखवलास त्याच दुपारी."

शाल्मलीनं बराच वेळ काही विचारलं नाही, म्हणून पेटीही काही बोलली नाही.

"आणि फेब्रुवारीतली माझी तीन वाचनं?"

"ती बरोबर होती," सरांचा आवाज म्हणाला. "माझी चूक होती."

सरांचं गाव मोटारीनं दोन तासांवर. ती पोहोचली तेव्हा सर पडवीत कोकमं निवडत होते. वय ब्याऐंशी. आता दोन्ही कानांत यंत्रं, अगदी राजरोस. सुहासिनीकाकूंनी तिला बघताच जेवूनच जायचं असं बजावलं आणि सोलकढीचा पेला हातात दिला. सरांनी मात्र तिच्या चेहऱ्याकडं एकदा पाहिलं आणि कोकमांचं सूप बाजूला सारलं. पेटीला काय विचारलंस, एवढंच म्हणाले.

त्यांनी काहीच नाकारलं नाही. आधी सांगणार होतो, पण तू आलेख घेऊन धावत आली होतीस, तुझा चेहरा बघवेना. मग प्रबंध झाला, मग तुझं नाव पडलं, मग ते पाठ्यपुस्तकात गेलं. पाठ्यपुस्तकातलं खोटं ठरवायला आपण कोण, असं वाटू लागलं. हे सगळं ते एखाद्या आजाराची हकीकत सांगावी तसं सांगत होते. पेटीला मी सगळं सांगितलं की नाही, हेही त्यांनी दोनदा विचारलं, जणू त्याबद्दल थोडं कौतुक व्हायला हरकत नव्हती.

शाल्मलीला त्यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. वाटेत दोन तास तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती.

"माझा हात बसलेला नाही म्हणालात."

सरांनी मान खाली घातली. "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. पहिल्या वाचनातच कळलं."

"मग?"

"त्या झोपडीत एकच माणूस जातो, शाल्मली. तू आत गेली असतीस तर मी कुठं गेलो असतो?"

काकू आतून विचारत होत्या, मासे चालतील ना. शाल्मली उठली आणि चालतील म्हणाली, कारण नाही म्हणायला काकूंनी काही केलं नव्हतं.

जेवताना सर हळूच म्हणाले की जाहीर करायचं तर कर, पण मी असेपर्यंत थांब, फार दिवस उरले नाहीत. ती म्हणाली, तक्ता पंधराला गोठतो आणि यंदा सूर्य असा आहे. सरांनी बोटांवर काहीतरी मांडलं. चार महिन्यांत तेवढं मोठं वादळ यायची शक्यता सात टक्के, फार तर आठ, ते म्हणाले, आणि ताटातली हाडं बाजूला काढू लागले. हिशेब बरोबर होता. सरांचा हिशेब कधीच चुकत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रेवाला खोलीत बोलावलं. रेवा तांडेल तिची विद्यार्थिनी, शेजारच्याच बंदरातली, सत्तावीस वर्षांची. प्रबंध दाखल झालेला, तोंडी परीक्षा अठ्ठावीस मेला. विषय होता, धायगुडे परिणामाचा गुरू ग्रहापर्यंत विस्तार. गुरूवर पावसाळा नसतो, पण त्याची तजवीज चौथ्या प्रकरणात केली होती.

शाल्मलीनं रात्रभर शब्द जुळवले होते. तुझी पाच वर्षं वाया गेली हे कसं सांगायचं, आधी काय, मागून काय. रेवाला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सरांच्या कानापासून सुरुवात केली. रेवा ऐकत होती. तिचे डोळे मोठे झाले नाहीत, तिनं मधेच काही विचारलं नाही. तांदळाच्या डब्यापर्यंत आल्यावर शाल्मली थांबली.

"तुला माहीत आहे."

रेवानं पेला टेबलावर ठेवला. "जानेवारीत पेटीला विचारलं होतं, मॅडम. सत्तावीस सालाचं."

"चार महिने."

"मी पूर्ण तपासून पाहिलं. आठशे बारा निरीक्षणं, सरांच्या रजा, तुमची तीन वाचनं, सगळं जुळतं. फाइल करून ठेवलीय." ती अगदी प्रामाणिकपणे सांगत होती, प्रगती अहवाल द्यावा तसं. "अठ्ठावीसनंतर तुम्हाला दाखवणारच होते."

शाल्मलीनं फाइल मागितली आणि तिथंच वाचून काढली. नेटकं काम होतं. रेवानं पाच वर्षांत केलेलं सर्वांत चांगलं काम. चार नव्हे, तीन पूर्णांक आठ नॅनोटेस्ला, हेही तिनं काढलं होतं. त्यावर डॉक्टरेट मिळायला हवी होती, पण तो विषय नोंदवलेला नव्हता.

मग तिनं इशारा केंद्राला आणि शोधपत्रिकेला जाणाऱ्या पत्राचा मसुदा रेवापुढं सरकवला. परिणाम मागं घेत आहोत, कारण अमुक, पावसाळी पातळी मूळ जागी आणावी. खाली सहीसाठी दोन जागा सोडल्या होत्या आणि पहिली रेवाची होती.

"माझं नाव काढाल का, मॅडम?"

"हे काम तुझं आहे."

"हो. पण आत्ता नको." रेवा उठली नाही, आवाजही चढवला नाही. तिनं सांगितलं की तांडेलांच्या घरात डॉक्टर होणारी ती पहिली, बंदरावर फलक लावायचं ठरलंय, परदेशातली जागा परीक्षेच्या निकालावर अडकलीय. आणि मग, अगदी सहज: "तक्ता पंधराला जातो, परीक्षा अठ्ठावीसला. तेरा दिवसांचा तर प्रश्न आहे. वादळ यायची शक्यता फार नाही. मी काढलीय, सात टक्के."

शाल्मलीला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या लक्षात आलं की आपणही मनातल्या मनात मघापासून कॅलेंडर चाळतोय. तेरा दिवस. पोरीचं भलं होईल. आपलंही नाव पुस्तकात आणखी एक पावसाळा टिकेल. थांबणं किती सोपं होतं आणि त्याला माया म्हणणं त्याहून सोपं. काल पडवीत जे तिला राक्षसी वाटलं होतं, ते इथं टेबलावर पाण्याच्या पेल्याशेजारी अगदी घरगुती दिसत होतं.

तिनं रेवाचं नाव खोडलं, एकटीची सही केली आणि रेवा समोर बसलेली असतानाच पत्र पाठवून दिलं. रेवा थँक्यू म्हणून गेली. नाव काढल्याबद्दल.

इशारा केंद्रानं उलट टपाली कळवलं की परिणाम नोंदवण्याचा नमुना उपलब्ध आहे, मागं घेण्याचा नाही. शाल्मलीनं चौदा मेपर्यंत केंद्रात जाऊन बसून तो नमुना त्यांना तयार करून दिला. पातळी खाली आली. महिनाभरानं तिच्याकडून प्रमुखपद काढून घेण्यात आलं, कारण ती आपल्याच संशोधनाविषयी ठाम नव्हती. पत्र छापून आल्यावर काकूंचा फोन आला. सर विचारत होते की "श्रवणयंत्र" हा शब्द घालायलाच हवा होता का. सर फोनवर नाही आले, आणि पुढंही कधी आले नाहीत.

नऊ ऑगस्टला दुपारी सूर्यानं ते सात टक्के वसूल केले. पातळी खाली आणलेली असल्यानं इशारा चाळीस मिनिटं आधी गेला, ट्रान्सफॉर्मर वेळेत सुटे केले गेले, आणि सात जिल्ह्यांत अर्धा तास वीज गेली म्हणून लोकांनी वीज मंडळाला शिव्या घातल्या. बाकी काही झालं नाही. जे झालं नाही त्याची बातमी कुठल्या पानावर छापायची असते, हे कुणाला ठाऊक नसल्यानं ती छापली गेली नाही.

रेवाची तोंडी परीक्षा ठरल्या दिवशी पार पडली होती. मार्गदर्शक म्हणून दुसऱ्याच एका गृहस्थांची सही होती. एका परीक्षकानं शंका काढली की मूळ परिणामच मागं घेतलाय, त्याचं काय. बराच ऊहापोह होऊन समितीनं निर्णय दिला की पृथ्वीवर परिणाम नाही म्हणून गुरूवरही नसेल असं मानायला आधार नाही. त्यामुळं धायगुडे परिणाम आज फक्त गुरूवर आहे आणि तिथं त्याला कुणाचा आक्षेप नाही.

सप्टेंबरात रेवा पेढे घेऊन आली. शाल्मली आता वेधशाळेच्या मागच्या अंगाला, जुन्या वह्यांच्या खोलीत बसत असे. रेवा वाकून पाया पडली, शाल्मलीनं पडू दिलं. परदेशातली जागा मिळाली होती. शिवाय तिथं गेल्या गेल्या एक विद्यार्थिनी हाताखाली मिळणार होती, रेवाची पहिली. तिला गुरूच्या विषयावरच काम करायचं होतं.

शाल्मलीनं पेढा घेतला आणि वहीवर ठेवला. रेवाला वाटलं होतं मॅडम ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या:

"त्या पोरीला पहिल्या दिवशी सगळं सांग. सरांचं, माझं, तुझं."

रेवानं पेढ्यांचा डबा बंद केला, पिशवीत घातला, पिशवीचं तोंड नीट दुमडलं.

"बघते, मॅडम," ती म्हणाली.